दोन गोळ्यांची माती

एपॉक्सीची माती दोन गोळ्यांत मिळते: एक पांढरट, दुसरा काळपट. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही महिनोन्‌महिने मऊ राहतात. समसमान घेऊन मळले की त्यांचा एकच राखाडी गोळा होतो, तास-दीड तासात धरतो आणि दिवसाभरात दगडासारखा होतो. गोळ्यांचे रंग मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. मळताना काळ्या रेघा दिसत असतील तोवर काम अर्धवट आहे, रेघा संपल्या की मिश्रण झाले. वजनकाट्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी रसायनशास्त्र साधण्याची ही युक्ती फार हुशारीची आहे. मुंबईत मात्र ही वस्तू तिच्या शास्त्रीय नावाने कोणी मागत नाही. नागदेवीच्या हार्डवेअरवाल्याकडे ती ‘एम-सील’ असते. हस्तकलेच्या दुकानात ‘शिल्पकार’ किंवा ‘मोल्डइट’.

या मातीला जुना मराठी शब्द चालवायचा तर ‘लुकण’ जवळचा. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेले लुकण खिडकीच्या काचा बसवायला लागे. रंगारी लाकडाच्या भेगांत ‘लांबी’ भरत. नळाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा चोपडत आणि बिडाच्या जाड पाइपांच्या सांध्यांत शिसे ओतत. तेलाचे लुकण हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते, म्हणून बाहेरून आधी घट्ट होते, आतून उशिरा, आणि काही वर्षांत कडक होऊन तडकते. एपॉक्सीत वाळणे हा प्रकारच नाही. त्यातून काही उडून जात नाही. दोन द्रव्यांचे रेणू एकमेकांत गुंतून जाळे विणतात, त्यामुळे गोळा आत-बाहेर जवळजवळ एकाच वेळी धरतो आणि आकसत नाही म्हटले तरी चालेल. नळाची चीर आणि मूर्तीचे बोट ही दोन्ही कामे त्याला जमतात, ती यामुळेच.

न सुटणारा सांधा ही ओढ मात्र लुकणापेक्षा जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, वेखंड अशा वस्तू पाण्यात उकळून अष्टमांश काढा करायचा, त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल वगैरे घालायचे आणि लेप गरम असतानाच देवळाला किंवा मूर्तीला लावायचा, अशी ती कृती. लेप किती टिकेल याचा त्याने दिलेला आकडा आजच्या कोणत्याही जाहिरातीला लाजवील इतका मोठा आहे. हा शब्द मराठीत अजून जिवंत आहे. 2020 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींवर पुरातत्त्व खात्याने संवर्धनाचा लेप दिला, तेव्हा बातम्यांत तो ‘वज्रलेप’च होता.

एपॉक्सीचे कूळ मात्र वराहमिहिराकडे जात नाही, ते युरोपातल्या प्रयोगशाळांत सापडते. एक ऑक्सिजन आणि दोन कार्बन यांचे तीन अणूंचे ताणलेले कडे म्हणजे एपॉक्साइड. अशी संयुगे बनवण्याची पद्धत रशियन रसायनज्ञ निकोलाय प्रिलेझायेव यांनी 1909 मध्ये दाखवली. कडे ताणलेले असल्याने ते उघडायला टपलेले असते. अमाइन गटाची संयुगे ते उघडतात आणि रेणूला रेणू जोडत जातात. जर्मनीत पॉल श्लाक यांनी 1930 च्या दशकात या अभिक्रियेवर एकस्व घेतले. पण तिचा खरा उपयोग सुचला तो स्वित्झर्लंडमध्ये, दाताच्या कवळीसाठी. द ट्रे या दंतसाहित्याच्या कंपनीत काम करणाऱ्या पिएर कास्तां यांना न आकसणारे, ओतून साच्यात घालता येणारे द्रव्य हवे होते. ते त्यांना मिळाले, पण कवळीच्या बाजारात काही चालले नाही. बासलच्या सिबा कंपनीने परवाना घेतला आणि 1946 मध्ये तिथल्या औद्योगिक जत्रेत ‘अराल्डाइट’ हा चिकटपदार्थ मांडला. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्वन ग्रीनली यांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग काढला होता. कास्तां यांची मूळ इच्छा पूर्ण झाली ती वळसा घालून: 1962 मध्ये राफाएल बोवेन यांनी एपॉक्सीच्या रेणूला अ‍ॅक्रिलिक शेपूट जोडून दातात भरायचे द्रव्य केले. आज दंतवैद्य निळ्या उजेडाखाली जे दातात भरतात, ते त्याच घराण्यातले.

पातळ एपॉक्सी रेझीनची माती झाली ती भरणामुळे. शंखजिरे, खडू, सिलिका अशा पुडी दोन्ही भागांत मिसळल्या की द्रव्य ओघळत नाही आणि बोटांनी दिलेला आकार सोडत नाही. वेल्समधली मिलिपुट कंपनी 1968 पासून अशी माती विकते; चिनी मातीची भांडी सांधणारे आणि छोट्या प्रतिकृती घडवणारे, दोघेही तिचे गिऱ्हाईक.

मुंबईतली कथा दोन घराण्यांची आहे. एक घराणे महिंद्रांचे, ‘एम-सील’ बनवणारे. दुसरे घराणे बळवंतराय पारेख यांचे. 1950 च्या दशकात त्यांनी सात रस्त्याच्या परिसरात कारखाना टाकला आणि 1959 मध्ये ‘फेव्हिकॉल’ आणून सुतारांच्या हातातला उकळायचा, वास मारणारा सरस सोडवला. त्यांच्या पिडिलाइटने 2000 मध्ये महिंद्रा समूहाकडून एम-सील विकत घेतले. नंतरच्या एका गाजलेल्या जाहिरातीत मृत्युपत्रावर छताचे पाणी ठिबकते आणि वारसाच्या आकड्यातला नेमका एक पुसला जातो, शून्ये उरतात. 2020 मध्ये अराल्डाइटचा भारतातला व्यवसायही पिडिलाइटकडे आला. कास्तांच्या कवळीचे आणि चाळीच्या नळाचे कूळ असे एका छपराखाली आले.

चाळीशी या मातीचे नाते गळतीचे. गिरगाव-परळच्या जुन्या इमारतींत गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून गंजतात, आट्यांपाशी पाझरतात. वाहत्या पाण्यावर साधी एपॉक्सी माती धरत नाही. पृष्ठभाग कोरडा आणि खरवडलेला हवा. त्यामुळे महापालिकेचे पाणी गेल्यावर, पुढच्या वेळेआधी, काम उरकावे लागते. पाइप पॉलिश पेपरने घासायचा, गंज आणि जुना रंग काढायचा, गोळा दाबून चिरेच्या पुढेमागे पसरायचा. घाई असेल त्यांच्यासाठी ‘फटाफट’ नावाचा, काही मिनिटांत धरणारा प्रकार निघाला. उष्णतेने अभिक्रिया वेगावते, म्हणून मे महिन्यात एकदम मोठा गोळा मळणारा नवशिका फसतो: हातातच तो गरम होऊन घट्ट होऊ लागतो. मुरलेला माणूस लागेल तेवढाच चिमटा काढतो.

कलेकडे ही माती दुरुस्तीच्या वाटेने आली. जे. जे. कला महाविद्यालयाची परंपरा प्लास्टरची आणि धातूची, ग. का. म्हात्रे यांचे 1896 चे ‘मंदिरपथगामिनी’ हे गाजलेले शिल्प प्लास्टरचे. सासवण्याच्या वि. पां. करमरकरांनी बाजारी सिमेंटला शिल्पाचा मान मिळवून दिला. एपॉक्सीला असा उस्ताद लाभला नाही. ती दादरच्या हौशी वर्गांत रुजली, बहुतेक बायकांच्या हातांनी. मडक्यावर किंवा प्लायवुडवर वारलीच्या आकृती, पानफुले, गणपती. पोळीसारखी लाटलेली पट्टी, दातकोरणीने काढलेल्या शिरा, हाताला चिकटू नये म्हणून पाण्याचे बोट किंवा टाल्कम पावडर. महाग पडते म्हणून मोठ्या म्युरलमध्ये सिरॅमिक पावडर फेव्हिकॉलमध्ये मळून भागवतात आणि नाजूक, मोडू शकणारा भाग तेवढा एपॉक्सीचा करतात. ही काटकसर कोणत्याही पुस्तकात नसली तरी तंत्र म्हणून अगदी पक्की आहे. घट्ट झालेली माती कानशीने घासता येते, तिला भोक पाडता येते, तिच्यावर अ‍ॅक्रिलिक रंग बसतो. न मुरलेले रेझीन मात्र कातडीला लावून घेऊ नये. वारंवार स्पर्शाने जडलेली अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते. हातमोज्यांचा कंटाळा अनेकांना महागात पडला आहे.

लालबाग-परळच्या गणेश कार्यशाळांत या मातीला मानाची जागा मिळाली नाही, आणि त्याचे कारण केवळ किंमत नव्हे. तिथले द्रव्य शाडू किंवा काथ्या घातलेले प्लास्टर. वाहतुकीत तुटलेला कान प्लास्टरनेच दुरुस्त होतो. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळावी म्हणूनच घडते. प्लास्टर नीट विरघळत नाही, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सूचनांनी त्यावर बंदी सांगितली. एपॉक्सी तर अजिबातच विरघळत नाही. विसर्जनाच्या देवाला ती चालत नाही. देव्हाऱ्यातल्या कायमच्या मूर्तीला, तसबिरीच्या नक्षीदार चौकटीला, मखराच्या तुटलेल्या कळसाला चालते.

संग्रहालयांची अडचण याच्या उलट दिशेने येते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या जुन्या प्रतिकृती आहेत. अशा वस्तूंच्या संवर्धनाचा पहिला नियम असा की आज केलेली दुरुस्ती उद्याच्या माणसाला काढता आली पाहिजे. एपॉक्सीचा सांधा काढताना मूळ वस्तूच फुटते. तरीही मजबुती हवीच असेल, तर संवर्धक आधी तुटलेल्या कडेवर ‘पॅरालॉइड बी-72’ या अ‍ॅक्रिलिक रेझीनचा पातळ थर देतात आणि एपॉक्सी त्या थरावर बसवतात. हा थर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो. सांधा सोडवायची वेळ आली की एपॉक्सीला हात न लावता तिच्याखालचा थर विरघळवला जातो.