‘आज वाट नाही’ : आल्प्समधील वाटाड्यांची दोनशे वर्षे

‘गाइड’ला मराठीत ‘वाटाड्या’ असा नेमका शब्द आहे. ज्याला वाट ठाऊक, तो वाटाड्या. सह्याद्रीत एवढा अर्थ पुरतो, कारण तेथे वाट असते. कारवीत हरवली तरी ती जागची हलत नाही. आल्प्समधील हिमनदीवरची वाट मात्र ऋतूगणिक बदलते, आणि वसंतात तर तासागणिक. तेथल्या वाटाड्याला वाट दाखवावी लागते, तसेच ‘आज वाट नाही’ असेही सांगावे लागते. पैसे घेणाऱ्याने पैसे देणाऱ्याला नकार द्यायचा, असे हे चमत्कारिक नाते आहे. ते कसे घडले, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आरंभ अर्थातच माँ ब्लाँपासून. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी 1760 मध्ये या शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. 8 ऑगस्ट 1786 रोजी शामोनीचा स्फटिक गोळा करणारा जाक बाल्मा आणि गावचे डॉक्टर पाकार हे दोघे माथ्यावर पोहोचले. पुढच्याच वर्षी सोस्यूर स्वतः अठरा वाटाडे घेऊन वर गेले. वाटाड्यांची नावे इतिहासातून गळतात, ही तक्रार सर्वश्रुत आहे. येथे मात्र नेमके उलटे घडले. पाकार 1827 मध्ये वारले. त्यानंतर, 1832 मध्ये, म्हाताऱ्या बाल्माने आपली कहाणी अलेक्सांद्र द्यूमा यांना सांगितली, आणि द्यूमांच्या लेखणीतून ती युरोपभर पसरली. 1887 मध्ये शामोनीत सोस्यूरना शिखर दाखवणाऱ्या बाल्माचा पुतळा उभा राहिला. डॉक्टरांच्या पुतळ्याला 1986 साल उजाडावे लागले! ज्याला कथाकार भेटतो त्याला यश मिळते, हा नियम डोंगरातही लागू आहे तर.

परंतु वाटाड्यांचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो यशातून नव्हे, अपघातातून. ऑगस्ट 1820 मध्ये रशियन सम्राटाच्या सेवेतील डॉ. हामेल दोन इंग्रज सोबत्यांसह माँ ब्लाँवर निघाले. वाटेत ग्राँ म्युले या खडकांवर हवा बिघडली, मुक्काम लांबला, नवे बर्फ साचले. वाटाड्यांची पुढे जाण्याची इच्छा नव्हती. मंडळींचा आग्रह मोडवेना. माथ्याखालच्या उतारावर साचलेले बर्फ पायांखालून निसटले आणि पुढचे तीन वाटाडे, प्येर बाल्मा, प्येर कारिये आणि ओग्यूस्त तेराझ, हिमनदीच्या भेगेत गाडले गेले. तिन्ही साहेब वाचले.

पुढच्या वर्षी, 1821 मध्ये, शामोनीत वाटाड्यांचा संघ स्थापन झाला. दर ठरले, पाळी ठरली, आणि अपघातग्रस्तांसाठी व मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी मदतनिधी ठरला. पाळीची पद्धत अशी की, ज्याचा क्रम असेल तोच वाटाड्या प्रवाशासोबत जाणार. इंग्रज गिर्यारोहकांना हे फार बोचले. उत्तम माणूस हवा असताना रांगेतला माणूस का घ्यावा, असा त्यांचा रास्त सवाल होता. शिवाय माँ ब्लाँसाठी माणशी चार वाटाडे घेण्याचा नियम होता. 1851 मध्ये अल्बर्ट स्मिथ आणि त्यांचे तीन सोबती सोळा वाटाडे घेऊन चढले, ते याच हिशेबाने. या नियमांत मक्तेदारीचा वास आहे, हे आम्ही नाकारत नाही. तरीही ज्याची पाळी ठरलेली आहे, त्याला गिऱ्हाइकाच्या मर्जीची भीती थोडी कमी असते, आणि ज्याच्या घरामागे निधी आहे, त्याला ‘नाही’ म्हणणे थोडे सोपे जाते. संघाच्या टीकाकारांनी ही बाजू क्वचितच पाहिली.

त्या तिघांचे अवशेष हिमनदीने 1861 पासून खाली बोसाँच्या तोंडाशी आणून टाकायला सुरुवात केली. त्या अपघातातून वाचलेला वाटाड्या जोसेफ-मारी कूते तेव्हा म्हातारा झाला होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या सोबत्यांची ओळख पटवायला तो पुढे आला.

चारच वर्षांनी, 14 जुलै 1865 रोजी, मॅटरहॉर्नवरून उतरताना दोर तुटला आणि चौघे गेले. त्यांत शामोनीचा मिशेल क्रो हा वाटाड्या होता. वाचलेल्या थोरल्या टाउगवाल्डरने दोर कापला, अशी कुजबुज चौकशीत निर्दोष ठरल्यावरही त्याच्या मागे लागली. अननुभवी हॅडो यांना सोबत घेण्याचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न मात्र त्या मानाने कमी विचारला गेला.

स्की आल्यावर या नात्याला घड्याळाचे काटे लागले. शामोनी ते झेरमॅट हा उंचावरचा मार्ग इंग्रजांनी 1860च्या दशकात उन्हाळ्यात पायी जोडला होता. जानेवारी 1903 मध्ये शामोनीचे डॉ. पायो हे जोसेफ कूते, आल्फ्रेड सिमाँ आणि जोसेफ रावानेल या वाटाड्यांसह स्कीवरून झेरमॅटला पोहोचले. आज ही ‘ओत रूत’ची यात्रा मुख्यतः मार्चच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंत होते, आणि त्याला कारण आहे. हिवाळ्यात साठलेले बर्फ तोवर दबून घट्ट होते. हिमनदीच्या भेगांवरचे बर्फाचे पूल जाड आणि भरवशाचे असतात. दिवसा ऊन पृष्ठभाग वितळवते, निरभ्र रात्र तो पुन्हा गोठवते. पहाटे उतार दगडासारखा असतो. स्कीच्या तळाला चढाईच्या पट्ट्या लावून (पूर्वी त्या खरोखरच सीलच्या कातड्याच्या असत) वर जायचे. मग ऊन आले की वरचा बोटभर थर साखरेच्या रव्यासारखा मोकळा होतो आणि उतरण्याचे सुख सुरू होते. हे सुख तासा-दोन तासांचे. आधी पूर्वेचे उतार पिकतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. आणि पिकून गेलेला उतार ओल्या बर्फासह कोसळू शकतो. रात्री ढग राहिले तर बर्फ गोठतच नाही, आणि त्या दिवशी निघायचेच नसते. जूनमध्ये पूल खचू लागतात, स्की बराच काळ पाठीवर वाहाव्या लागतात, आणि ऋतू पायी चढणाऱ्यांच्या हाती जातो.

म्हणजे वसंतातल्या वाटाड्याकडून गिऱ्हाईक वाटेपेक्षा वेळ विकत घेते. पहाटे तीनला उठवणारा, सुंदर सकाळी दहा वाजता ‘आता पुरे’ म्हणणारा हा माणूस गिऱ्हाइकाला भित्रा किंवा खडूस वाटणे स्वाभाविक आहे. वाटाड्या प्रशिक्षित आणि परवानाधारक असावा, हा आग्रह विसाव्या शतकात दृढ झाला. 1965 मध्ये वाटाड्यांच्या राष्ट्रीय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघही निघाला. पण बिल्ला ही ढाल नव्हे. एप्रिल 2018 च्या अखेरीस याच मार्गावर, पीन्य दारोलाजवळ, वादळात चौदा जणांना उघड्यावर रात्र काढावी लागली. सात जण दगावले. त्यांत एक वाटाड्याही होता. निवारा तेथून फार दूर नव्हता.

आल्प्समध्ये घडलेला हा व्यवहार आता हिमालयातही रुजला आहे. एव्हरेस्टचा मुख्य हंगामही वसंताचाच, आणि तेथील मार्गदर्शित चढाईचा भार शेर्पांच्या खांद्यांवर. 18 एप्रिल 2014 रोजी खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. नेपाळ सरकारने प्रथम देऊ केलेली तातडीची मदत कुटुंबामागे चाळीस हजार नेपाळी रुपये होती. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे चारशे डॉलर. त्याच वेळी एकेक गिऱ्हाईक चढाईसाठी हजारो डॉलर मोजून तळावर आलेले होते. शेर्पांनी विम्याची आणि भरपाईची रक्कम वाढवून मागितली, शोकनिधी मागितला. आणि त्यातल्या बहुतेकांनी त्या वर्षी वर जायला नकार दिला. नेपाळच्या बाजूचा तो हंगाम जवळजवळ तेथेच संपला.