पागा, पांजरापोळ आणि रुग्णालय : पशूंच्या निवास-शुश्रूषेच्या खर्चाचा इतिहास

प्रस्तावना

दुसऱ्याच्या मालकीचे किंवा कोणाच्याच मालकीचे नसलेले जनावर काही काळ सांभाळणे, त्याला चारा-पाणी देणे, आजारात औषधोपचार करणे हा व्यवहार आपल्याकडे फार जुना आहे. शहरांतून अलीकडे कुत्री, मांजरे व घोडे सांभाळणारी छोटी खाजगी निवासस्थाने दिसू लागली, तेव्हा ही काहीशी पाश्चात्त्य सोय असल्याचे सर्वसाधारण मत झाले. हे मत ऐतिहासिकदृष्ट्या टिकणारे नाही. मात्र आपल्या इतिहासलेखनाने या विषयाकडे दुर्लक्ष केले आहे, हेही मान्य करावे लागते. घोडदळाची संख्या, मोहिमांचे मार्ग, घोड्यांच्या किमती यांची चर्चा विपुल झाली; परंतु त्या घोड्याला रोज खरारा कोणी केला, त्याची चंदी कोणत्या खात्यातून आली आणि तो लंगडा झाल्यावर त्याला कोणी पोसले, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले.

यांतील शेवटचा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जनावर काम करते तोपर्यंत त्याच्या वैरणीचा खर्च कोणीतरी आनंदाने करतो. ते काम करीनासे झाले की खर्च कोणाचा, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पागा, पांजरापोळ आणि पशुरुग्णालय या तीन संस्था एकमेकींपासून वेगळ्या होतात. येथे मुख्यतः महाराष्ट्रातील, त्यातही मुंबईतील, उदाहरणांच्या आधारे हा भेद तपासला आहे.

पागेची शिस्त

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात राजाच्या अश्वशाळेतील घोड्यांची नोंद कशी करावी हे सांगितले आहे. खरेदी केलेले, युद्धात मिळालेले, शाळेतच जन्मलेले अशा वर्गांबरोबर तेथे ‘यावत्कालिक’ असा एक वर्ग येतो. याचा अर्थ ठराविक काळापुरते आलेले घोडे. पाहुणा घोडा आणि घरचा घोडा यांची नोंद वेगळी असली पाहिजे, ही जाणीव त्या ग्रंथात स्पष्ट आहे. युद्धाने, रोगाने वा वार्धक्याने क्षीण झालेल्या घोड्यांना निर्वाहापुरता आहार द्यावा, अशीही तरतूद तेथे आहे. उपचारातील दोषामुळे रोग वाढल्यास संबंधितास दंड सांगितला आहे. अर्थात, हा आदर्श व्यवस्थेचा ग्रंथ आहे. प्रत्यक्ष व्यवहार असाच होता असे त्यावरून म्हणता येत नाही.

मराठेशाहीतील पागेविषयी आपण अधिक खात्रीने बोलू शकतो. शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. सभासदाच्या बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. हे प्रमाण बारकाईने पाहण्यासारखे आहे. पाणी आणि नाल या दोन गोष्टी घोडदळाच्या रचनेतच गृहीत धरल्या होत्या. त्या स्वाराच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या. पावसाळ्यात लष्कर छावणीस परत आले की घोड्यांसाठी दाणा, वैरण व औषधे सिद्ध असावीत आणि निवारे गवताने शाकारून ठेवलेले असावेत, असेही सभासद नोंदवतो. चार महिन्यांची ही छावणी म्हणजे बिनकामाच्या घोड्यांचा सरकारी खर्चाने केलेला सांभाळच होता.

या दृष्टीने शिवाजी महाराजांचे १६७०च्या दशकातील एक पत्र विशेष मोलाचे आहे. चिपळूणनजीकच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना ते लिहिलेले आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये या आशयासाठी त्याचा उल्लेख नेहमी होतो, आणि ते योग्यही आहे. परंतु हे पत्र आधी एका पागेच्या व्यवस्थापनाचे पत्र आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. त्याचा युक्तिवाद असा आहे : पागेसाठी केलेली दाणा-वैरणीची बेगमी लष्कराच्या मुक्कामामुळे आधीच खर्च झाली आहे, पुन्हा जे मिळाले आहे ते मनमानी उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग माणसे कुणब्यांच्या घरी शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी भाजीपाला. आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील.

म्हणजे घोड्याचा रातीब मोजून देणे आणि शेतकऱ्याचे घर सुरक्षित राहणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पागेचे कोठार रिकामे झाले की त्याची भरपाई गावाने करावी लागते, हा या पत्रातील अर्थशास्त्रीय गाभा आहे. याच पत्रात आगीविषयीचा इशाराही आहे. कोणी चुली पेटवतील, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेतील, रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताला आग लागली तर वैरणही जाईल आणि घोडीही जातील. शासनकर्त्याने उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार करावा, हे लक्षणीय आहे. गवती छपराच्या तबेल्यात ज्याने प्रत्यक्ष वावर केला आहे त्यालाच हे सुचू शकते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शिलेदाराच्या घोड्याची स्थिती याहून निराळी होती. तो घोडा हेच त्याच्या घराचे भांडवल, त्यामुळे त्याची शुश्रूषाही घरचीच. पागेच्या घोड्यामागे मात्र कोठार, कारकून, नालबंद व मोतद्दार अशी यंत्रणा उभी होती. शिलेदारांवर पागेचा हुकूम असावा, असे सभासदाने म्हटले आहे. याचा लष्करी अर्थ उघड आहे. त्यामागे सांभाळाच्या खर्चाचा अर्थही असावा. कागदपत्रांत सरदार नावानिशी येतात, मोतद्दार मात्र बहुधा संख्येनेच येतो, एवढे जाता जाता नमूद करणे आवश्यक आहे.

१८३२ आणि त्यानंतरची मुंबई

पागेला पोसणारे राज्य गेले. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत जनावरे राज्याच्या मालकीची नव्हती, आणि पुष्कळशी कोणाच्याच मालकीची नव्हती. भटकी कुत्री ठरावीक हंगामात मारण्याचा सरकारी नियम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रीही नेऊ लागले, अशी तक्रार होती. ६ व ७ जून १८३२ रोजी कोट भागात या कारणावरून दंगल झाली. पारशी समाज त्यात अग्रभागी होता. त्याच्या धर्मपरंपरेत श्वानाला मानाचे स्थान असल्याने हा केवळ भूतदयेचा प्रश्न राहिला नाही. दुकाने बंद राहिली आणि लष्कराकडे जाणारी रसदही अडवली गेली.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ सुरू झाली. ही कल्पना मुंबईची नव्हे. पिएत्रो देल्ला व्हाले या इटालियन प्रवाशाने १६२३ मध्ये खंबायत येथे, आणि ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने १६८९ च्या सुमारास सुरतेस अशी पशुगृहे पाहिली होती. गुजराती जैन व वैष्णव व्यापाऱ्यांबरोबर ती मुंबईत आली. नवीन होता तो तिचा नागरी संदर्भ. भुलेश्वरच्या वस्तीत उभ्या राहिलेल्या या संस्थेने सरकारला मारण्याऐवजी पाठवण्याचा एक पर्याय दिला.

पांजरापोळीचा खर्च व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने बसवून घेतलेल्या धर्मादाय लागेतून चाले. येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. जमशेटजी व मोतीशा या दोघांचाही चीनच्या व्यापारात, त्यात अफूच्याही व्यापारात, मोठा वाटा होता. दूरच्या देशातील माणसांना व्यसनी करणाऱ्या मालाच्या नफ्यातून येथील मुक्या जनावरांचे पोट भरत होते. या कारणाने त्यांच्या दानाची थोरवी नाकारावी असे नाही. पण ती सांगताना पैशाचा उगम गाळणे इतिहासाला शोभत नाही.

पांजरापोळीच्या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य असे की, तेथे आलेले जनावर परत जावे अशी अपेक्षाच नसे. ते येई ते मरेपर्यंत राहण्यासाठी. मालकाकडून आकार नाही, कामाची अट नाही, आणि असाध्य दुखण्यातही वध नाही. त्यामुळे आत येणाऱ्यांची संख्या वाढत जाई, बाहेर जाणारे जवळजवळ कोणी नसे. गर्दी, अपुरी वैरण आणि संसर्ग यांवर अनेक युरोपीय निरीक्षकांनी टीका केली. त्या टीकेत वसाहतवादी अहंकार होता हे खरे. तथापि गर्दीचे गणित खोटे नव्हते. जीवदया हे मूल्य आणि शुश्रूषा हे कौशल्य यांत अंतर आहे, हे पांजरापोळीच्या समर्थकांनी पुरेसे ओळखले नाही. त्याच वेळी, कामाला निरुपयोगी झालेल्या जनावराला जगण्याचा हक्क आहे हे तत्त्व दुसऱ्या कोणत्याही संस्थेने इतक्या निःसंदिग्धपणे स्वीकारले नाही.

घोड्यांचे शहर

१८७४ हे वर्ष दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या वर्षी मे महिन्यात मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि त्याच वर्षी जनावरांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी सोसायटी मुंबईत स्थापन झाली. स्टर्न्स अँड किटरिज या कंपनीने ट्रामसाठी ९०० घोड्यांचा तबेला ठेवला होता. पागेनंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर एका छत्राखाली घोडे सांभाळण्याचा हा नवा प्रकार होता, पण येथे घोडा राज्याचा सेवक नव्हता. तो कंपनीच्या भांडवलाचा भाग होता आणि भांडवलाची झीज गृहीत धरलेली असते. घोड्यांच्या ट्रामचे युग १९०५ मध्ये संपले. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली.

याच काळात तिसरी संस्था उदयास आली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे, त्यांच्या पत्नीच्या नावे, बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले. त्याला जोडून २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. रुग्णालय आणि महाविद्यालय यांची ही सांगड अत्यंत फलदायी ठरली. विद्यार्थ्याला शिकण्यासाठी आजारी जनावर हवे आणि आजारी जनावराला शिकलेला हात हवा. पांजरापोळीत जे कौशल्य नव्हते ते येथे निर्माण होऊ लागले. मात्र रुग्णालयाचा हेतू वेगळा होता : जनावर बरे करून पुन्हा कामावर पाठवणे.

कायद्याची भाषा

हा फरक कायद्याने पक्का केला. १८९० च्या पशुक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात अपात्र जनावर कामास जुंपणे हा गुन्हा ठरला, त्यासाठी शुश्रूषागृहे नेमण्याची तरतूद झाली आणि तेथील चारा-पाण्याचा व उपचाराचा खर्च ठरावीक दराने मालकावर टाकण्यात आला. स्वतंत्र भारताच्या १९६० च्या कायद्यातील पस्तिसाव्या कलमात हीच चौकट दिसते. दंडाधिकारी जनावराला काम करण्यायोग्य होईपर्यंत शुश्रूषागृहात ठेवू शकतो, पांजरापोळीत पाठवू शकतो, किंवा पशुवैद्याच्या दाखल्यावरून असाध्य जनावराच्या वधाचा आदेश देऊ शकतो. एकाच कलमात तीन वाटा शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत.

खाजगी सांभाळाचा व्यवहार १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपाच्या, म्हणजे ठेवीच्या, तत्त्वात बसतो. त्या कायद्याच्या दृष्टीने जनावर ही एक वस्तूच. तथापि ही वस्तू वाढते, याची जाणीव कायदेकर्त्यांना होती. सांभाळावयास दिलेली गाय व्याली तर गायीबरोबर वासरूही परत करावे लागते, असे १६३व्या कलमाचे उदाहरणच आहे. गावाकडे अर्धलीने जनावर पाळायला देण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे उदाहरण परके वाटणार नाही. फरक इतकाच की, अर्धलीत वाढीचा वाटा सांभाळणाऱ्यालाही मिळतो.

व्हिक्टोरियाचे घोडे

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. तबेल्यांना आवश्यक महापालिका परवाने नसणे आणि तेथील घोड्यांची शोचनीय स्थिती हे मुद्दे त्या प्रकरणात पुढे आले होते. या व्यवसायावर अवलंबून असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासही शासनास सांगण्यात आले. निर्णयाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु गाडी थांबते त्या दिवशी घोड्याचे खाणे थांबत नाही. ज्याची रोजची मिळकतच त्या घोड्यावर होती, त्याने मिळकत बंद झाल्यावर चंदी कोठून आणावी, हा प्रश्न मालकाच्या निर्दयतेचा नाही, त्याच्या दारिद्र्याचा आहे.

१९६० च्या कायद्याला ही शक्यता अगदीच अज्ञात नव्हती. पस्तिसाव्या कलमात वाहतूक, निर्वाह आणि उपचार या तिन्हींचा खर्च मालकाकडून घ्यावा असे सांगून, मालक गरीब असल्यास दंडाधिकारी माफी देऊ शकतो, अशी पुस्ती जोडलेली आहे. ही पुस्ती शब्दशः वाचली तर माफी केवळ उपचाराच्या आकाराची आहे. वैरणीचा तेथे उल्लेख नाही. आणि औषधाचा आकार माफ झाल्यावर तो कोणत्या खात्यातून भरावा, हेही त्या कलमात लिहिलेले नाही. चेंबूरच्या बाजूला आज पांजरापोळ हे एका चौकाचे आणि आणिककडून येणाऱ्या जोडरस्त्याचे नाव आहे. तेथून रोज जाणाऱ्या बहुतेकांना तो शब्द केवळ बसथांब्यापुरता माहीत असतो.