पोलादपूर नावाचा दगड

पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता हायवे सोडतो आणि आंबेनळी घाट चढू लागतो. घाटासाठी कापलेल्या कड्यात काळ्या पाषाणाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या गेरूचा पट्टा. पहिला लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत वरच्या अंगाची जी माती झाली, ती ही.

अशा पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांमुळेच 1833 साली कर्नल साईक्सने या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हटलं. ‘ट्रॅप’ हा मूळचा स्वीडिश शब्द, अर्थ जिना. नाव रुळलं, पण खरी अडचण पुढेच होती. हे थर ओळखायचे कसे? पायथ्याचा तुकडा आणि माथ्याचा तुकडा हातात घेतला तर दोन्ही काळे, दोन्ही जड. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी बहुधा तीच खनिजं दिसतात: प्लॅजिओक्लेज, ऑजाइट, थोडं ऑलिव्हिन. कूळ लपलेलं होतं रसायनात.

म्हणून संशोधकांनी महाड ते महाबळेश्वर हा चढ थर धरून तपासला. हातोड्याने वरचा कुजका पापुद्रा उडवायचा, आतला ताजा दगड घ्यायचा, दळून त्याची पूड करायची आणि तिच्यातलं टायटॅनियम, बेरियम, झिर्कोनियम, स्ट्रॉन्शियम मोजायचं. नजाफी, ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स आणि मुंबईचे सुखेसवाला यांचा या चढावरचा लेख 1981 साली आला. 1985 मध्ये कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी सुमारे 1200 मीटर उंचीच्या या भिंतीची तीन शैलसमूहांत मांडणी केली: खाली पोलादपूर, मध्ये आंबेनळी, वर महाबळेश्वर. गाव, घाट आणि गिरिस्थान, तिन्ही नावं दगडाला मिळाली. पुढच्याच वर्षी आलेल्या सविस्तर मांडणीत हे तिन्ही ‘वाई’ उपगटात गेले. त्याखालच्या थरांना इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा अशी नावं आहेत. लाव्हाच्या जगप्रसिद्ध कोष्टकात आपली गावं अशी ओळीने वाचताना मला फार आनंद होतो.

पोलादपूरची खूण कोणती? त्यात बेरियम आंबेनळीपेक्षा जास्त असतं. शिवाय स्ट्रॉन्शियम-87 आणि स्ट्रॉन्शियम-86 यांचं गुणोत्तर आंबेनळीत 0.704 च्या आसपास राहतं, तर पोलादपूरच्या काही थरांत ते 0.71 पर्यंत चढतं. जुन्या ग्रॅनाइटी खडकात रुबिडियम भरपूर असतं आणि अब्जावधी वर्षांत त्याचं हळूहळू स्ट्रॉन्शियम-87 होतं. वर येताना लाव्हाने वाटेतला तो जुना खडक वितळवून पोटात घेतला, त्याची ही साक्ष. आंबेनळीचा लाव्हा जवळपास निर्भेळ वर आला.

आकाशातून पडलेल्या दगडाची जातही अशीच ठरते. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडले. अशा दगडातलं लोह किती, हे ऑलिव्हिनचं रसायन सांगतं. मूळचे गोल कण किती पुसले गेलेत, यावरून तो किती तापला होता ते कळतं. त्यावरून काटोलचा गट ठरला ‘एल6’, म्हणजे कमी लोहाचा आणि खूप तापलेला. नाव मात्र गावाचंच राहिलं.

आता पुन्हा पोलादपूरकडे. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात संशोधकांच्या दोन गटांचे लेख एकत्र आले. प्रश्न एकच: सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ लघुग्रह आदळला, तेव्हा दख्खनमध्ये कोणता लाव्हा वाहत होता? एका गटाने गेरूच्या थरांतल्या झिरकॉनवरून सांगितलं की पोलादपूरचा मोठा उद्रेक आघाताच्या काही दहा हजार वर्षं आधीच सुरू झाला. दुसऱ्या गटाने आर्गॉनच्या मोजणीवरून निष्कर्ष काढला की बहुतेक लाव्हा आघातानंतर आला. डायनोसॉर कशाने संपले, या वादात पोलादपूरचं नाव असं मध्यभागी आहे.

महाड-पोलादपूरच्या प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत या दगडाचा एक तुकडा, नावाची चिठ्ठी लावून, ठेवायला हवा. शिक्षकांनी तो येत्या उन्हाळ्यातच आणून ठेवावा.