जयपूरचे पाऊल

मनुष्याच्या पावलात २६ हाडे असतात. परंतु चालण्याचे मर्म त्यांच्या संख्येत नसून सांध्यांत आहे. घोट्याचा सांधा पाऊल वर-खाली हलवितो. त्याच्या खालचा सांधा तळवा आत-बाहेर कलवितो. उकिडवे बसता येते ते पहिल्यामुळे. शेताच्या बांधावर तोल सावरतो तो दुसऱ्यामुळे.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याकडे पाय गमावलेली माणसे येत. त्या काळचे पाश्चात्त्य धर्तीचे कृत्रिम पाऊल बुटात घालण्यासाठी घडविलेले, घोट्याशी ताठर. अनवाणी चालणाऱ्या, जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या शेतकऱ्याने ते घेऊन करावे काय? कित्येकांनी पुन्हा कुबड्याच जवळ केल्या. दोष रुग्णाचा नव्हे, पावलाचा, हे ओळखले गेले तेथेच निम्मे काम झाले.

उरलेले काम कारागिराचे होते. शाळेत फारसे न शिकलेले, पण हातात विलक्षण कसब असलेले रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास साच्यात तापवून रबराचे पाऊल सिद्ध केले. घोट्याशी लाकूड, टाचेत व चवड्यात सच्छिद्र रबर, वर कातडीच्या रंगाचे वेष्टन. त्यात बिजागरीचा एकही सांधा नव्हता. रबरच दबून आणि मुरडून सांध्याचे काम करी. ते लावून चिखलात उतरता येई, झाडावरही चढता येई.

१९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो डॉ. सेठींना. शर्मांचे नाव मात्र पुष्कळांच्या कानी फार उशिरा पडले.