स्टुटगार्टचा नमुनेखाना

नवें हुन्नर केवळ सरकारी हुकुमानें रुजत नाहीं, हें आम्हांस वुर्टेंबर्गच्या इतिहासावरून स्पष्ट दिसतें. नैर्ऋत्य जर्मनींतील या लहानशा राज्यांत कोळसा नव्हता आणि १८४६-४७ च्या उपासमारीनें प्रजा गांजली होती. १८४८ सालीं तेथील सरकारनें उद्योग व व्यापार यांसाठीं स्टुटगार्ट येथें एक मध्यवर्ती कचेरी स्थापिली. फर्डिनंड स्टाइनबाइस यांनीं १८८० पर्यंत तिचें काम पाहिलें. त्यांनीं परदेशांतील यंत्रें व नमुने आणून कारागिरांपुढें मांडले, धंदेशिक्षणाच्या शाळा वाढविल्या व होतकरू तरुणांस परदेशीं धाडलें. पुढें मोटारगाडीच्या जनकांत गणला गेलेला गॉटलीब डाइमलर हा याच साह्यानें शिकला.

तोच प्रश्न पुढें साऱ्या युरोपासमोर आला. २०१४ पासूनच्या निधीसाठीं युरोपीय संघानें अट घातली, कीं नवसंशोधनास पैसा हवा असेल तर प्रत्येक प्रांतानें आपलें बलस्थान हेरून आराखडा करावा. अट रास्तच आहे. परंतु आराखडा कागदावर उतरला म्हणून तो कारागिराच्या हातांत पडतो असें नाहीं. मधलें अंतर तोडणारीं स्टाइनबाइसांसारखीं माणसें नसतील, तर पैसा खर्चून मागें केवळ अहवाल उरतील, असें आम्हांस वाटतें.