नळातला ‘सुटलेला’ प्रश्न

कारखान्याच्या धुरातून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याची चर्चा निघाली, की एक मत हमखास ऐकू येते: पकडणे महाग, साठवणे जिकिरीचे, वाहतूक मात्र केव्हाच सुटलेला प्रश्न. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. अमेरिकेत १९७२पासून या वायूच्या वाहिन्या चालू आहेत. त्यांची लांबी आज ८,००० किलोमीटरांच्या घरात आहे. कोलोरॅडोतून टेक्सासात जाणारी कॉर्टेझ वाहिनी एकटीच ८०० किलोमीटरांची.

हेतू खरा, पण त्याने साध्य सिद्ध होत नाही. त्या वाहिन्यांतला बहुतेक वायू मॅकएल्मो डोम, जॅक्सन डोम अशा नैसर्गिक साठ्यांतला, आणि तो जातो जुन्या विहिरींतले तेल वर ढकलायला. १९७२ची वाहिनी कारखान्यांतलाच वायू नेत होती, असे प्रतिपक्ष म्हणेल. म्हणू दे, ते कारखाने नैसर्गिक वायू शुद्ध करणारे होते. सिमेंटची भट्टी किंवा कोळशाचे वीजकेंद्र यांच्या धुरात ऑक्सिजन आणि नायट्रोजन-गंधकाची ऑक्साइडेही असतात. त्यांचा अंश वायूत उरला, तर ती आपसांत भिडून तीव्र आम्ले बनवू शकतात, आणि थोडे पाणी राहिले तरी साधे पोलाद झिजू लागते.

खरा घोळ आहे तो ‘नैसर्गिक वायूही नळांतून जातोच’ या दृष्टांतात. त्याची वाहिनी फाटली की दाब झपाट्याने उतरतो आणि चीर बहुधा थांबते. कार्बन डायऑक्साइड मात्र ७४ बार या क्रांतिक दाबाच्याही वर, द्रवासारखा दाट करून नेतात. नळ फुटला की दाब उतरता उतरता हा द्रव उकळू लागतो आणि उकळत असेपर्यंत दाब एका पातळीवर अडून राहतो. तोच दाब चिरेला पुढे रेटतो. नायट्रोजन किंवा हायड्रोजनची भेसळ ही पातळी आणखी चढवते. तेव्हा गॅसच्या जुन्या नळांत हा वायू सोडू म्हणणाऱ्याने आधी त्या पोलादाचा चिवटपणा तपासून दाखवावा.

शिवाय हा वायू हवेच्या दीडपट जड. २२ फेब्रुवारी २०२० रोजी मिसिसिपीतल्या साटार्शियाजवळ पावसाने दरड सरकली आणि डेनबरी कंपनीची वाहिनी फुटली. वायू उतारावरून गावात उतरला. प्राणवायूअभावी मोटारींची इंजिने बंद पडली, परिसरातल्या सुमारे २०० जणांना हलवावे लागले, ४५ जणांना दवाखाना गाठावा लागला. कंपनीच्या आकडेमोडीत हे गाव बाधित क्षेत्रात धरलेलेच नव्हते. आणि हा जॅक्सन डोमचा वायू होता. ज्या अनुभवाचा दाखला दिला जातो, त्याच अनुभवातला.

मग वाहतूक अशक्य आहे का? मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच, की ही कडी शेवटी जोडायची नसून तिच्यापासून आखणी सुरू करायची असते. नॉर्वेच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ प्रकल्पात तसे दिसते. ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यातला वायू सुमारे १५ बार आणि उणे २६ अंशांवर द्रव करून जहाजाने ओयगार्डनला येतो. तिथून १०० किलोमीटरांच्या सागरी वाहिनीने जाऊन समुद्रतळाखाली २,६०० मीटरवर सोडला जातो. त्यात पाणी दशलक्षात ३० भागांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे पकडणाऱ्या यंत्रणेने वायू किती शुद्ध करायचा, हे वाहतुकीने ठरवले. २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिला वायू खाली सोडला गेला.

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत क्रम उलटा होता: नळमार्ग कागदावर आधी, शेतकऱ्यांशी बोलणे मागाहून. नॅव्हिगेटर कंपनीने २०२३मध्ये आपली योजना गुंडाळली. साउथ डकोटाने २०२५मध्ये अशा वाहिन्यांसाठी सक्तीच्या भूसंपादनावर कायद्यानेच बंदी घातली. तंत्रज्ञ याला राजकारण म्हणतात. पण वायू कोणाच्या घराकडे उतरेल, हा प्रश्न त्या शेतकऱ्याने विचारला तर त्यात राजकारण कुठले?

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हा वायू मुरवण्याच्या शक्यतेवर आपल्याकडे लिहिले जाते. त्यात खडकाची सच्छिद्रता असते, खनिजे असतात. वाहिनी कोणत्या खोऱ्यातून जाईल, पावसाळ्यात त्या घाटउताराची माती टिकेल का आणि तळाशी कोणती गावे आहेत, याचा नकाशा त्या लेखांना जोडायला हवा. साटार्शियात पन्नास माणसेही राहत नव्हती.