राईट केलेली डिस्क आणि कमजोर लेन्स

नवी मुंबईच्या वसाहतींत संगणक आणि गेम कन्सोल जवळपास एकाच काळात घरोघरी आले. सिडकोने वसवलेल्या जुईनगरला 1990च्या दशकात हार्बर मार्गाची लोकल मिळाली आणि 2004मध्ये ठाण्याकडून येणारा ट्रान्स-हार्बर मार्गही येथे येऊन मिळाला. नेमक्या याच दशकभरात सोनीचे प्लेस्टेशन (1994) आणि पीएसटू (2000) जगभर पसरले, आणि मूळ डिस्क मध्यमवर्गीय खिशाला जड असल्याने राईट केलेल्या, म्हणजे कोऱ्या डिस्कवर संगणकातून उतरवलेल्या, खेळांची बाजारपेठ मुंबईत उभी राहिली. तिचे केंद्र लॅमिंग्टन रोड हे होते. जुईनगरहून तेथे जाण्यासाठी कुर्ला, दादर असे गाड्या बदलत ग्रँट रोड गाठावे लागे, आणि इतक्या दुरून आणलेली डिस्क घरच्या यंत्राने वाचली नाही, तर दोष नेमका कोठे आहे हे ठरवणे हेच एक कौशल्य होऊन बसले.

या कौशल्याचे मूळ डिस्कच्या घडणीत आहे. कारखान्यात छापलेल्या सीडीवर माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात कायमची उमटवलेली असते. कोऱ्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि राईटरचा लेसर तो थर ठिकठिकाणी तापवून त्याची परावर्तनक्षमता बदलतो. म्हणजे खळगे नसून खळग्यांचा आभास असतो, आणि तो किती ठसठशीत उतरेल हे रंगद्रव्य, राईटर आणि वेग या तिन्हींवर अवलंबून असते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर छापील सीडीच्या मानाने फारच थोडा प्रकाश परत पाठवते, म्हणून अनेक जुनी यंत्रे ती ओळखतच नसत. ‘कमी वेगाने राईट करा’ हा त्या काळचा सर्वमान्य सल्ला बऱ्याच अंशी खरा होता, तरी जास्त वेगासाठी बनवलेली डिस्क अतिशय कमी वेगाने लिहिली तर ती उलट बिघडूही शकते, ही बाजू क्वचितच सांगितली जाई.

दुसरी अडचण कुलपाची होती. प्लेस्टेशनच्या मूळ डिस्कच्या आरंभीच्या भागात, मार्गिकेच्या सूक्ष्म हेलकाव्यात, त्या-त्या प्रदेशाचा संकेत दडवलेला असे. कोऱ्या डिस्कची मार्गिका कारखान्यातच ठरलेली असल्याने तो संकेत घरच्या राईटरने उतरवता येत नसे. म्हणून यंत्रात मॉडचिप, म्हणजे तोच संकेत परस्पर पुरवणारी छोटी चिप, डाखून बसवली जाई. अशा यंत्रात मूळ डिस्क चालते आणि राईट केलेली अडते, तेव्हा संशय चिपवर, डिस्कवर की लेन्सवर घ्यायचा, हा प्रश्न अनुभवी कारागिरालाही सहज सुटत नसे.

बाजारात ‘लेन्स’ म्हणून ओळखला जाणारा भाग म्हणजे भिंग, लेसर आणि प्रकाशग्राहक यांचा एकत्रित संच होय. पीएसटूमध्ये सीडीसाठी 780 नॅनोमीटर आणि डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरला जाई. त्यामुळे डीव्हीडीवरचे खेळ चालतात पण निळ्या पाठीच्या सीडी चालत नाहीत, असे दिसले की डिस्कला दोष न देता सीडीचा लेसर थकल्याचे अनुमान काढता येई. खाडीकाठच्या दमट हवेत आणि धुळीत भिंगावर पुट चढणे स्वाभाविकच होते, आणि कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसणे हा पहिला, निर्धोक उपाय असे. त्याने काम झाले नाही तर संचावरचा बारीक स्क्रू, म्हणजे विद्युतरोध कमीजास्त करणारा पोटेन्शिओमीटर, किंचित फिरवून लेसरला जास्त प्रवाह दिला जाई. डिस्क लगेच वाचली जाई, पण लेसरचे आयुष्य त्या क्षणापासून घटू लागे. हा उपाय ग्राहकाला परिणाम न सांगता करणे अयोग्यच होते, कारण थोड्या महिन्यांनी मूळ डिस्कही अडखळू लागत आणि दोष पुन्हा डिस्कवरच ढकलला जाई.

या व्यवहारातील मोठा भाग बेकायदा होता, हे नोंदवणे इतिहासाला आवश्यक आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात अनधिकृत प्रतींसाठी शिक्षा होतीच; 2012च्या दुरुस्तीने संरक्षक कुलूप तोडणेही गुन्ह्यात आणले. मात्र प्रकाश, रंगद्रव्य आणि यंत्र यांचे जे व्यावहारिक ज्ञान दुरुस्ती करणाऱ्या हातांत साठले, ते केवळ चाचेगिरीच्या नोंदीत बुडवून टाकणे अन्यायाचे ठरेल. मूळ डिस्क विकत घेणाऱ्याचे यंत्रही त्याच हातांनी वाचवले आहे.

अखेर लेन्सचा हा दोष दुरुस्त झाला नाही, तो निरर्थक ठरला. 2008च्या सुमारास मेमरी कार्डावरून पीएसटू चालू करण्याची फ्री एमसीबूट ही युक्ती पसरली आणि जाड पीएसटूमधील हार्ड डिस्कवरून खेळ लेन्सशिवाय चालू लागले. बारीक पीएसटूला ती सोय नसल्याने मंद यूएसबीवर भागवावे लागले आणि चित्रफिती अडखळत राहिल्या. कोऱ्या डिस्क बनवणारी नोएडाची मोझर बेअर कंपनी 2018मध्ये अवसायनात गेली, तोवर खेळ इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सवय रुळली होती.